डावीकडे, क्षणभर

माझ्याकडे एकशे चौदा पंखे आहेत.
वेल्डा होती तोवर एकशे नऊ होते.
ती म्हणायची, अरे लोवेल, वारा शेवटी एकच ना.

पितळी पात्यांचे, ओतीव लोखंडी बुडाचे,
कापडी वायरींचे, वळत्या मानांचे.
जाळ्या इतक्या विरळ
की त्या काळी बोटं स्वस्त असावीत.
एक शवागृहातला आहे.
तो सगळ्यांत कमी आवाज करतो.

जुलैत आमचा मेळा भरतो, मिसूरीत,
जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या शेडमध्ये.
शेणाचा वास, यंत्रतेलाचा वास, पायांत येणाऱ्या केशरी वायरी,
आणि दोनेकशे म्हातारे, घामाघूम,
कारण सगळे पंखे एकदम लावले की फ्यूज उडतो.

तिथे आला ओझेल टार्प्ली.
वय चौऱ्याऐंशी, कडक इस्त्रीचा शर्ट,
गळ्यापर्यंत बटणं लावलेली.
नात घेऊन आली होती, ती फोनवर.
टेबलामागून टेबल ओलांडत तो आला
आणि माझ्या सोळा इंचीपुढे थांबला.

हा कुठला?

मी सांगत सुटलो. दक्षिणेकडे, कापसाच्या मुलखात,
एक लाँड्री, बंद पडून तीस वर्षं झालेली,
आतून वाढलेलं झाड छपराबाहेर निघालेलं.
हिरव्या रंगाचे तीन थर होते, खरवडले.
नुसती पाती घासायला दोन आठवडे, आणि बुडाची ती सोनेरी रेघ
माझ्या हातची आहे, श्वास रोखून ओढलेली

लाव बरं, तो म्हणाला.

मग म्हणाला, आई तिथे इस्त्री करायची, दुसऱ्यांचे शर्ट.
मी गाठोड्यांवर बसलेला असायचो.
पंखा वळत वळत जायचा
आणि डावीकडे, अगदी टोकाला, अडखळायचा.
टक्.
क्षणभर तिथेच. मग परत.
बाया होत्या नऊ, वारा सगळ्यांचा.
पण डावीकडच्या टोकाला आई उभी असायची.

मी खटका सरकवला.
पंखा उजवीकडे गेला, आला, डावीकडे गेला
आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा वळला.
पुन्हा तसाच. पुन्हा.
ओझेल मान पुढे करून उभा,
बंद दाराबाहेरची चाहूल घ्यावी तसा.

तो नाहीये, म्हणाला. दिसायला मात्र तसाच.

मी सांगायला हवं होतं
की मानेखाली एक दातेरी चक्र होतं, झिजलेलं,
की जानेवारीत मी ते काढलं,
पंचेचाळीस डॉलर मोजून नवं घडवून घेतलं
आणि तेव्हापासून दिसेल त्याला दाखवतोय,
बघा, कसा वळतो.
तो आभार मानून गेला. नातीने हात धरला.
पत्ता मी विचारला नाही.

मी काही फेकत नाही. कॉफीचे डबे भरलेत घरात.
रात्री ओतले स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
झिजलेली चक्रं निघाली अकरा,
प्रत्येकाचा एखाददुसरा दात पडलेला,
आमच्या मेळ्यातल्या लोकांसारखा.
यांतलं कोणतं त्याच्या आईपाशी थांबायचं
हे पितळ सांगत नाही.

सहा त्यात बसली. उजाडेपर्यंत एकेक लावून पाहिलं.
एक जाम झालं. एक खडखडत राहिलं.
एक थांबलं, पण उजवीकडे,
दुसऱ्याच कुणा बाईपाशी.

माझी एक वही आहे:
नंबर, साल, पाती, किंमत.
परवा ओहायोतून एकशे पंधरावा आला.
पट्टी घेऊन वहीत आणखी एक रकाना आखला,
नाव काय द्यावं सुचेना, तसाच ठेवला.
पान्हे खणातच राहू दिले.
पंखा लावला, खुर्ची ओढली.
तिसऱ्या फेरीला तो खोकला.

लिहून घेतलं.