एकच खोली शिल्लक

सुपीरियर सरोवराच्या वरच्या काठाला
बावीस खोल्यांचं एक मोटेल,
रात्रपाळीला आयली कोस्केला.
नोव्हेंबर ते एप्रिल
सतरा किल्ल्या खिळ्यांवर तशाच लटकतात.
काउंटरखाली लॅपटॉप, लॅपटॉपात हिमदरबाराचा राजपुत्र,
वय तीनशे बारा, दिसायला अठ्ठावीस.

पाचव्या पुस्तकाचं एकविसावं प्रकरण.
वादळ. खिंडीतली सराई.
सराईवाला म्हणतो, एकच खोली शिल्लक आहे,
आणि खोलीत पलंगही एकच.
हे वाक्य आयली पाचव्यांदा लिहिते
आणि मान वर करून
सतरा किल्ल्यांकडे बघते.

तिला सगळं पाठ आहे.
तो आधी वैरी हवा,
पण वैर असं, की दोन पाण्यांत निघावं.
जखम खांद्याला हवी, पोटाला नको,
पोटाच्या जखमेला वास येतो.
तिनं झग्याची पट्टी फाडून ती बांधावी,
त्यानं दात आवळत तिला नावानं हाक मारावी, पहिल्यांदाच.
एक भाकीत असावं, अर्धं पुसलेलं.
आणि दोनशे पानांच्या आत ओठ.
"दोनशे दहा चालेल," संपादिका डेल्फीन म्हणते,
"दोनशे चाळीस नाही."

(आयलीचा स्वतःचा नवरा
कुठल्याही भाकिताशिवाय
डलूथच्या दातांच्या डॉक्टरणीबरोबर गेला.)

आपल्याकडेही आटपाट नगर म्हटलं की राजा आलाच,
राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती.
दर वेळी नावडतीच कशी जिंकते, असं कुणी विचारत नाही.
ती हरली, तर मात्र
हातातल्या अक्षता तशाच टाकून
बायका उठून जातील.

जानेवारीत हायवे बंद झाला.
थंडर बेहून आलेली मुलींची हॉकी टीम,
सहा ट्रकवाले,
बर्फाला भोक पाडून मासे धरणारे, कपड्यांना तोच वास.
दोन वाजता खिळ्यावर एक किल्ली. चौदा नंबर.
आणि दार ढकलून दोघं आत आले,
एक पुरुष, एक बाई, वेगवेगळ्या गाड्यांतून,
ओळख ना पाळख, दोघांच्याही भुवयांवर बर्फ.
"एकच खोली शिल्लक आहे," आयली म्हणाली,
आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

तो विजेच्या मनोऱ्यांची मोजणी करणारा.
तिच्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात ओरडणारं मांजर.
किल्ली तिनं घेतली.
त्यानं फोनचा चार्जर मागितला,
दोन खुर्च्या जोडल्या, बुटांखाली पेपर पसरला,
आणि घोरला.
चौदा नंबरातून मांजर रात्रभर रडत राहिलं.
खांद्याला जखम कुणाच्याच नव्हती.

उजाडायच्या आधी तो बाहेर गेला.
आपल्या काचेवरचा बर्फ खरवडला.
मग जरा वेळ नुसता उभा राहिला.
मग तिच्याही काचेवरचा खरवडला,
मागच्यासुद्धा, वायपर उचलून.
गेला.
ती आठ वाजता आली, काचेकडे पाहिलं,
रिकाम्या जागेकडे पाहिलं,
काही न विचारता किल्ली ठेवली.

आयलीनं त्या रात्री पलंग खोडला.
राजपुत्र पहाटे उठून तिच्या घसरगाडीची काच पुसतो, एवढंच ठेवलं.
डेल्फीननं समासात लिहिलं:
सुंदर. पण पलंग कुठे गेला?

त्याच आठवड्यात पत्र आलं,
सास्काटूनच्या डायलिसिस वॉर्डातल्या नर्सचं:
ते दोघं एकमेकांना मिळणार, हे मला पहिल्या पानापासून माहीत असतं.
म्हणून तर वाचते.
ड्यूटीवर मला कुणाचंच काही माहीत नसतं.

घेतला वसा टाकायचा नसतो.
आयलीनं पलंग परत आणला,
मेणबत्ती आणली, मधोमध उशांची भिंत रचली,
एकशे अठ्ठ्याण्णवाव्या पानावर ती पाडली.
काचेची ओळ काढली नाही,
एका लांब वाक्याच्या पोटात दडवली,
डेल्फीनच्या नजरेतून सुटेल अशी.

बाहेर बर्फ लोटणाऱ्या ट्रकचा पिवळा दिवा
भिंतीवरून फिरून गेला.
सोळा किल्ल्या. सतरावी तिच्या हातात,
चौदा नंबरची चादर तिसऱ्यांदा धुऊन झाली,
मांजराचे केस अजून निघत नाहीत.