खालची रेघ

पहाटे पाचला दोडीची गाडी येते.
आधी झाकणांचा आवाज, मागून थंडी.
फॅट, डिग्री, आंबटपणा
यंत्र न विचारता सांगतं
आणि वैजनाथ आकडे ओरडतो
लिलावात ओरडावं तसे.

माझं काम त्यानंतरचं.
इवल्या कुपीत चार थेंब दूध,
तळाशी गुलाबी पूड, ती हलवून विरवायची,
चाळीस अंशांवर ठेवायची,
पट्टी बुडवायची
आणि चहा अर्धा होईस्तोवर थांबायचं.

वरची रेघ नेहमीच उमटते.
ती फक्त सांगते की पट्टी जिवंत आहे.
खालचीही ठळक आली तर दूध चांगलं.
पुसट झाली, किंवा आलीच नाही,
तर बुरशीचं विष आहे.
शिकताना हेच डोक्यात बसत नव्हतं,
नसणं म्हणजे असणं.
मग वडील गेले
आणि सोपं झालं.

किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम चालतं.
एका रिकाम्या दुपारी मी हिशेब घातला:
गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं
आणि त्यात दीड पोतं मीठ.
तेवढं.

मंगळवारी सत्तेचाळीस नंबरचा कॅन.
खालची रेघ जवळजवळ नाही.
दुसरी पट्टी लावली. तीच गत.
कागदेसाहेब म्हणाले, मोठ्या टाकीत जाऊ द्या की,
हजारात वीस लिटर, कुणाला कळणार आहे?
कळणार नाही, हे खरंच आहे.
वास नाही, रंग नाही, दही घट्ट लागतं.
आटवून आटवून बासुंदी केली
तरी ते जागचं हलत नाही,
उलट दाट होतं.

मागच्या श्रावणात मी त्यांचं ऐकलं होतं.
एकदाच.
त्या दिवशीचं दूध नाशकात कुठे उतरलं
ते गाडीच्या कागदावर आहे:
सातपूर, सिडको, द्वारका,
आणि पेन्सिलीने लिहिलेलं एक पाळणाघर.
तो कागद मी फाडला नाही.
कुणाला दाखवलाही नाही.

या वेळी लाल शाईने लिहिलं
आणि दुपारी स्कूटी काढली.

गयाबाई केदार ओट्यावर मका निवडत होत्या.
दोन ढीग.
पिवळा दाणा सुपात, घरासाठी,
काळा-हिरवट पाटीत.
"परतीच्या पावसात भिजली कणसं.
आपल्याला नाही चालत, तर गाईला घालते.
वाया कशाला घालवायचं?"
मी पोत्यात हात घातला.
आत गरम होतं, अंगात कणकण असावी तसं.
बोटांवर हिरवी भुकटी आली.

सांगितलं सगळं.
की ही बुरशी दाण्यातून गाईत उतरते
आणि गाईतून चरवीत, दुसऱ्या दिवसाच्या आत.
की खाणं बदललं तर चार-पाच दिवसांत दूध निवळतं.
"उकळून?"
नाही.
"उन्हात टाकून?"
नाही, मावशी.
"म्हंजे आपण नाकारलेलं
आपल्याच तांब्यात परत,"
त्या म्हणाल्या, पदराला हात पुसत.
मी एवढं नीट सांगू शकले नव्हते.

पैशाचं काहीच विचारलं नाही.
दावणीकडे बघत राहिल्या.
"मग याचं काय?"

अकरा दिवसांचं खोंड,
तोंडाला अजून फेस.
माझ्या पेटीत पंचवीस पट्ट्या होत्या,
एक थर्मामीटर, एक शिक्का.
त्याला विचारायची पट्टी नव्हती.

गयाबाई उठल्या,
पाटी उचलून तरातरा गेल्या
आणि सगळी मका उकिरड्यावर ओतली.

कुडाच्या आडून कोंबड्या धावल्या.
"हाड! अगं हाकल, हाकल!"
सातआठ कोंबड्या, एक तुर्रेबाज कोंबडा,
आणि आम्ही दोघी
शेणात चप्पल रुतवत
त्यांच्या चोचींच्या मागे.