मधला बुतांव

रिव्हेट मारायचा संच बाजारात मिळतो,
लाल प्लास्टिकची पेटी, बारा टोकं, बारा कप्पे.
म्हापशाच्या शुक्रवारात मी घेतला होता एक.
तिसऱ्या रिव्हेटलाच टोक चेपलं.
पेटी चांगली निघाली. तिच्यात मी फ्यूज ठेवतो.

हे टोक फोंडू चारीचं.
आधी ते खाणीवरच्या ट्रकचा व्हॉल्व्ह होतं,
डोकं कडेला चिरलेलं.
त्यानं देठ तेवढा कापून घेतला, लेथवर फिरवला,
शेंड्याला तांदळाएवढं बोंड ठेवलं
आणि बोंडाभोवती खोलगट गळा.
लालबुंद करून तेलात बुडवलं,
मग पेंढ्याच्या रंगावर आणून सोडलं.
बोंड रिव्हेटच्या नळीत उतरतं,
गळा तांब्याला बाहेर वळवतो,
शेतात उतरण्याआधी विजारीचा काठ दुमडावा
तसा, एकसारखा.

गाडी मॉरिस मायनर, एर्मेलिंदाबाईंची,
दिवाडीहून टेंपोवर चढवून आणलेली.
ब्रेक दाबला की चारही चाकं किंचाळायची
आणि गाडी पुढंच.
ड्रम काढले. लायनिंग कधीच संपलेलं,
रिव्हेटचे माथे ड्रमच्या पोटात
नांगरट करत होते.

जुनी धूळ ओल्या फडक्यानं टिपायची,
फुंकर घालायची नाही.
फोंडू घालायचा.
आता रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या चार पायऱ्यांवर
तो दोनदा थांबतो
आणि वर येऊन मलाच सांगतो,
घाई नाही रे, गाडी कुठं पळते?

जुने रिव्हेट ड्रिलनं, माथ्याकडून.
छिन्नीनं उडवले तर शूची भोकं लांबट होतात,
आणि लांबट भोकात कुठलाच रिव्हेट
सुखानं राहत नाही.
व्हाइसमध्ये उभी सळई, वरून सपाट,
माथ्याच्या खळग्यात जेमतेम मावेल एवढी.
हातोडी पावशेरी. जड हातोडीला
काम संपवायची फार घाई असते.

बाई बाकड्यावर बसून बघत होत्या.
चाळीस वर्षं त्यांनी मुलींना शिवण शिकवलं.
मी कडेच्या भोकात पहिला रिव्हेट घातला तसा
त्यांनी हात वर केला, वर्गातल्यासारखा.
"मदलो बुतांव पयलीं."
मधलं बटण आधी, मग दोन्हीकडे,
नाहीतर पोटावर फुगा येतो.
फोंडू हसला, हसता हसता खोकला.
हेच तो मला तीन वर्षं सांगत होता,
शिव्या घालून.

मग मधली जोडी. मग आळीपाळीनं कडेकडे.
टक, टक, टक,
आणि आवाज भरीव झाला की पुरो.

सातव्या शूवर आवाज भरला होता.
मी आणखी एक मारला.
का, ते मला अजून सांगता येत नाही.
भोकापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ.
कुणी काही बोललं नाही.
बाईंनी चष्मा पुसला.
मी दहाच्या दहा काढले,
आठव्यासाठी ठेवलेला पट्टा सातव्याला लावला,
आणि आठव्यासाठी बारा दिवस
कुरियरची वाट बघत बसलो.

तेराव्या दिवशी नार्व्याच्या धक्क्यावर ओहोटी.
उतार खाली शेवाळानं हिरवा,
पुढं फेरीबोटीचं लोखंडी पान,
मध्ये वीतभर पाणी, हलणारं.
बाई स्वतः चालवत होत्या.
सुईत दोरा ओवताना माणूस ओठ दाबतो
तसे ओठ दाबून त्यांनी उतारावर
तीनदा ब्रेक दाबला.
तीनदा गाडी थांबली. सरळ.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

मी चाकालगत चालत होतो,
हातात फणसाच्या लाकडाची पाचर.
बाईंनी काच खाली केली.
"हें कित्याक?"

पाचर पाठीमागं नेली मी.
तोवर फेरीवाल्यानं ये, ये म्हणत
हात हलवायला सुरुवात केली होती.