रात्रपाळी

परळला हॉस्पिटलसमोर
आमचं मेडिकल रात्रभर उघडं.
दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक,
तेव्हा मी बिलबुकाच्या पाठीवर कांजी गिरवतो.

खिमजीशेठ म्हणाले, जपानला जायचंय का?
नाही.
मग कशाला?
उत्तर सुचेना, आणखी एक रेघ ओढली.

तेवीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावतोय,
म्हटलं, हे त्याहून काय अवघड असणार.
अवघडच निघालं.
आधी आडवी, मग उभी,
चौकटीचं दार सगळ्यात शेवटी लावायचं,
आणि माझा हात सवयीनं
वर शिरोरेघ द्यायला धावतो.

काल 'औषध' आलं: 薬.
सोळा रेघा. पाचदा चिघळलं.
मग गोळ्यांची पट्टी कापावी
तसं सुटं करून पाहिलं:
वर गवत,
खाली मजा.
मी एकटाच हसलो, फ्रिजमधल्या इन्सुलिनसमोर.

तेवढ्यात एक बाई आली, पोराला एकशे तीन ताप.
कसं द्यायचं, लिहून द्या म्हणाली.
पाकिटावर लिहिलं, मराठीतच,
'दर सहा तासांनी, अर्धा चमचा',
रेघा मोजत, सावकाश.
ती म्हणाली, भाऊ, जरा लवकर.