बुधवारची वही

सोमवार गिरपाचा, गुरुवार शमिकाचा,
शुक्रवारी इनासची एसटी रेडीला वस्तीला.
राहता राहिला बुधवार.
बुधवारी आम्ही चौघं निघतो वेंगुर्ल्यात,
दोन स्कूटर आणि एक दोनशे पानी वही,
जिच्या पुठ्ठ्यावर शमिकाच्या शाळेचा शिक्का आहे.

नियम गिरपाने केले, तो बँकेत आहे.
पाटी इंग्रजीत असेल तर आत शिरायचं नाही.
आधी सोलकढी.
न मागता आली तर अर्धा गुण जास्त,
मागून घ्यावी लागली तर अर्धा कमी,
पावडरची निघाली तर
पुढचं काही न मागवता उठायचं.

दाभोली नाक्यावरचं, पत्र्याचं, नाव नसलेलं:
पेडवे कुरकुरीत, भात गार. सहा.
बंदराच्या उतारावर तांडेलांकडे
तिसऱ्यांत वाळू कचकचली.
इनास म्हणाला, समुद्राची आहे, सिमेंटची नाही,
चालवून घ्या. साडेसहा.
कॅम्पात एकाने सुरमई म्हणून काय वाढलं
ते अजून कळलेलं नाही.
त्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह
आणि तेलाचा एक डाग, ज्यातून पुढचं पान दिसतं.

लिहितो मी. अक्षर बरं आहे एवढंच.
मोजणी खात्यात नोकरी:
दिवसभर दुसऱ्यांच्या हद्दी दाखवायच्या,
बुधवारी रात्री बांगड्याच्या.

तेविसाव्या बुधवारी
जयवंतीबाय मोचेमाडकरांची खानावळ.
घराचीच पुढची खोली, तीन टेबलं,
भिंतीवर जहाजावर गेलेल्या मुलाचा फोटो.
हार नाही, जिवंत आहे,
बंदराबंदरातून पैसे पाठवतो
आणि हे आता बंद कर म्हणून फोनवर भांडतो.
बांगड्याचं तिखलं आलं.
तिरफळाने जीभ आधी बधिर झाली, मग जागी.
कुणी बोललं नाही. इनाससुद्धा.
मी वही मांडीवर घेऊन लिहिलं: सात.

"काय लिवतंस रे झिला?"
"काय नाय."
"बघूया तरी."

पदराला हात पुसून तिने वही घेतली,
उभ्याउभ्या तेवीस बुधवार वाचले.
मधेच एकदा हसली, तांडेलांच्या पानाशी.
मग सातावर बोट ठेवून म्हणाली,
"तीन खंय गेले?"

गिरप म्हणाला, तिरफळ जरासं...
शमिका म्हणाली, आम्ही दहा कुणालाच देत नाही.
"आमच्या मास्तरणीन पण कधी दिल्यान नाय.
चौथीत शाळा सोडलंय. पेन दी."

आणि तिथेच, फ्रिजला टेकून,
नावं विचारत विचारत तिने आम्हाला गुण दिले.
इनास: काटे नीट काढतो, डोकं चोखतो. आठ.
शमिका: लागेल तेवढंच घेते, टाकत नाही. साडेसात.
गिरप: भात ठेवला, बिल दोनदा तपासलं. चार.
"आणि तुजा नाव काय?"
"सातोसकर."
तेवढं लिहिलं, आणि पेन थांबलं.
"तू जेवलंस खंय? तू लिवत होतंस."

आत गेली, गरम भात आणला,
वर रस, रसात एक बांगडा,
बहुतेक तिच्या स्वतःच्या वाटचा.
मी जेवत असताना ती बघत नव्हती.
वही फ्रिजवर ठेवली,
आइसक्रीमच्या जुन्या डब्याखाली.
"फुडल्या बुधवारी न्या."

पुढल्या बुधवारी गिरपाने ताट निपटून खाल्लं,
बिल न बघताच खिशात घातलं.
वही कुणी मागितली नाही.
आता ती तिथेच असते.
गिरप पाचावर आलाय, असं इनास सांगतो,
हात धुवायला जाताना तो चोरून बघतो.
माझ्या नावापुढे म्हणे अजून आकडा नाही.
बोटाचा एक ठसा आहे,
हळदीचा, वाळलेला.