जोडपत्र 'अ'

कोठी कचेरीपाशी कडुलिंबाखाली माझं टेबल.
इद्रिस सूदानचा, इथं विद्यापीठात शिकतो;
त्याचं गुजराती मोडकं, माझं इंग्रजी टायपापुरतं.
आईचा दावा नीट उतरवून हवाय.

नुकसानीचा रकाना दोन बोटं रुंद.
तो सांगतो: पाण्याचा पंप. शेळ्या, सात.
शिलाई मशीन, पायाचं.
मग थांबतो.
बहीण कुठल्या ओळीत?

जोडपत्र 'अ', मी म्हणते,
भाऊबंदकीतल्या बांधासाठी म्हणते त्याच आवाजात,
आणि जीभ चावते.

पुरावा म्हणून मामानं पाठवलेला फोटो:
चौकटीत उभं दार, कडी लावलेली.
मागं आकाश.

पानाचे वीस रुपये.
तो मोजून देतो, मी घेते.
मग नाव विचारते.
इख्लास.
ख जरा घशातून, तो म्हणतो.
मी पुन्हा म्हणते.
अजून चुकतंय.