हिरवी रेघ

खोक्यातून काढला तेव्हा इतका पातळ होता
की पोळपाटासारखा काखेत मारून न्यावा.
थर्मोकोलचे दाणे गालिच्यात, स्वेटरवर,
एक तर चहात.
बाहेर ग्रिम्सबीचा वारा कुंपणाशी भांडत होता
आणि टेबलावर फिश-अँड-चिप्सच्या तीन दुकानांचा
वर्षभराचा हिशेब,
पिशव्यांत कोंबलेला, व्हिनेगरचा वास मारणारा.
आज एकोणतीस. कर भरायची मुदत एकतीस जानेवारी.

जोडला.
काळ्या पडद्यावर एक चौकट उगवली:
सिग्नल नाही.
हळूहळू सरकते, कोपऱ्याला टेकते, परत फिरते,
बंद खोलीत वाट चुकलेल्या गांधीलमाशीसारखी.
मग झोपी जाते. मी कळ दाबते. पुन्हा
सिग्नल नाही.
अरे बाबा, म्हटलं, मी इथे आहे,
कॉम्प्युटर इथे आहे, त्याचा पंखा घरघरतोय,
तुमच्या दोघांत हातभर वायर आहे,
आणखी कसला निरोप हवाय तुला?

वायरी चार निघाल्या.
दोन सारख्या दिसतात आणि सारख्या नाहीत.
एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांवर टेबलाखाली रांगत गेले,
तोंडात टॉर्च धरून.
जिथे जायला हवं तिथे टोक जात नाही,
जातं तेव्हा ते भोकच चुकीचं असतं.
तिथे एक कानातलं सापडलं, दोन वर्षं हरवलेलं.
आनंद व्हायला वेळ नव्हता.

पडद्याच्या हनुवटीखाली एकच कळ, हरभऱ्याएवढी.
वर, खाली, आत. सगळं तीच करते म्हणे.
मी घाईत काहीतरी केलं
आणि अख्खा मेनू फिनिश भाषेत गेला.
फिनिश आहे हे निहारने सांगितलं, अॅबरडीनहून, फोनवर.
मग म्हणाला, आई, शांत हो,
बंद करून परत चालू केलंस का?
बुटाची नाडी बांधायला मी त्याला शिकवली होती
अगदी याच आवाजात.

कंपनीच्या केलीने चाळीस मिनिटं पियानो ऐकवला,
मग विचारलं, पडद्यावर काय दिसतंय?
म्हटलं, तेच तर.
मागचा नंबर वाचा म्हणाली.
राखाडीवर राखाडी अक्षरं, मुंगीच्या पायाएवढी.
नवा पडदा मी घेतला होता
बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून.

संध्याकाळी शेजारचा ट्रेव्हर येऊन गेला.
ट्रॉलरवर रडार सांभाळायचा कधीकाळी.
त्याने पाठीवर एक चापट मारली, पडद्याच्या,
आणि म्हणाला, आमच्या वेळी निदान बर्फ तरी दिसायचा.
आम्ही त्याला मुंग्या म्हणायचो, मी म्हटलं.
मग दोघंही त्या काळ्याकडे बघत राहिलो,
तो बर्फ शोधत, मी मुंग्या.
जाताना विचारलं त्याने, खोकं टाकणार असशील तर
मांजरीला हवंय.
म्हटलं, थांब. परत पाठवायचं झालं तर?

रात्री सव्वा वाजता
जुन्या पडद्याची, टेपने गुंडाळलेली वायर ओढून लावली
आणि लागला.
का, ते मला विचारू नका.
खोलीभर उजेड पडला, मी ओरडलेसुद्धा नाही,
बसून राहिले, हातावर धूळ.

जुन्यावर एक हिरवी रेघ होती, वरपासून खालपर्यंत,
चार वर्षं.
तिच्याच पायी तर त्याला काढलं.
रेघेच्या डावीकडे खर्च, उजवीकडे जमा,
अशी मी तिला नकळत कामाला लावली होती.
आता सगळं स्वच्छ, लांबरुंद, कोरं,
आणि हॅडकच्या बिलांची बेरीज दोनदा चुकली.
बोट आपसूक मधोमध जाऊन थांबायचं,
काचेला लागायचं, काही नसायचं तिथे.
खणातून हिरवं स्केचपेन काढलं,
टोपण उघडलं,
परत लावलं.

तीस तारखेला संध्याकाळी तिन्ही दुकानांचे फॉर्म गेले.
मेनू अजून फिनिशच आहे.
उजेडाला किर्क्काउस म्हणतात,
तेवढं आता येतं.